आँगोव्हिलचं चर्च: शस्त्रं दाराबाहेर

आज तुम्हाला फ्रान्समधल्या एका चिमुकल्या गावात नेतो. नॉर्मंडीत, कारांताँ शहराजवळ, आँगोव्हिल-ओ-प्लँ नावाचं गाव आहे. मोजकी घरं, भोवती कुरणं आणि मध्ये अकराव्या-बाराव्या शतकातलं दगडी चर्च. हे चर्च संत कोम आणि संत दामियँ या जुळ्या भावांच्या नावाचं. दोघे वैद्य होते आणि उपचाराचे पैसे घेत नसत, अशी श्रद्धा आहे.

६ जून १९४४. दोस्त राष्ट्रांच्या फौजा नॉर्मंडीत उतरल्या. रॉबर्ट राइट आणि केनेथ मूर हे अमेरिकेच्या १०१व्या एअरबोर्न डिव्हिजनचे दोन जवान पॅराशूटनं या भागात आले. दोघंही डॉक्टर नव्हते. प्रथमोपचार शिकलेले, विशीच्या आसपासचे पोरगे. त्यांनी चर्चमध्ये मदत केंद्र उघडलं आणि बाकांवर जखमी निजवले.

पुढे अमेरिकन तुकडीला गावातून मागे हटावं लागलं. जखमींना हलवणं शक्य नव्हतं, म्हणून हे दोघं थांबले. जर्मन आत शिरले, तेव्हा त्यांना आपलेही जखमी तिथं उपचार घेताना दिसले. त्यांनी केंद्र चालू ठेवू दिलं. नियम एकच होता: शस्त्रं दाराबाहेर.

गाव कधी यांच्या, कधी त्यांच्या हाती. छत फोडून एक तोफगोळा आत पडला. फुटला नाही, म्हणून सगळे वाचले. तडा गेलेली ती फरशी आजही तिथं आहे. दोघांनी दोन्ही बाजूंच्या सुमारे ८० जखमींवर उपचार केले. त्यात गावातलं एक मूलही होतं.

फौजेत मीही रेजिमेंटल एड पोस्ट पाहिली आहे. जखमी शत्रूचाही उपचार करायचा, हे १८६४च्या पहिल्या जिनिव्हा करारापासून लिहिलेलं आहे. पण आपला साथीदार शेजारीच कण्हत असताना ते पाळणं सोपं नसतं. तिथं आदेश द्यायला कुणी अधिकारी नव्हता. दोन साध्या जवानांनी ते पाळलं, याचं मला मोल वाटतं.

त्या बाकांवरचे रक्ताचे डाग गावानं पुसले नाहीत. राइट २०१३ साली वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांना याच चर्चच्या आवारात विसावा मिळाला. दगडावर फक्त नावाची आद्याक्षरं आहेत. हुद्दा नाही.

जय हिंद.