आरमारामागचे हात

आरमाराचा विषय निघाला की आमच्याकडे जहाजांची आणि तोफांची मोजदाद सुरू होते. शेजाऱ्याची जहाजे किती, आमची किती, एवढ्यावरच वाद रंगतो. जहाज बांधतो कोण, त्याचे पोलाद येते कोठून, आणि ते जुने झाल्यावर दुसरे बांधणारा माणूस त्या वेळी कामावर असेल काय, हे प्रश्न मागेच राहतात. आमच्या मते नौदलाच्या भवितव्याचा निकाल याच प्रश्नांवर लागावयाचा आहे.

शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत आरमार उभारावयास घेतले, तेव्हा आरंभी काही पोर्तुगीज कारागीर कामावर होते. ही गलबते उद्या आपल्याच अंगावर येतील, हे वसई-गोव्याच्या फिरंग्यांनी ओळखले, आणि १६५९ च्या सुमारास ते कारागीर काम टाकून निघून गेले. आरमार मात्र थांबले नाही; कोकणच्या किनाऱ्यावर गलबते बांधणारी माणसे होती. पुढे १७५६ साली विजयदुर्गापाशी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले, आणि ते जाळणाऱ्या इंग्रजांस खुद्द पेशव्यांची साथ होती. त्या दुःखाची उजळणी येथे नको.

स्वतंत्र भारतात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, तो मुंबईच्या माझगाव गोदीत. पहिली ‘विक्रांत’ ही ब्रिटनमध्ये अर्धवट राहिलेली नौका. १९५७ साली विकत घेऊन ती १९६१ साली नौदलात आली. त्यानंतर मात्र माझगावात ब्रिटिश आराखड्यावरून ‘नीलगिरी’ बांधली गेली व १९७२ साली सेवेत रुजू झाली. तिच्या अनुभवावर ‘गोदावरी’ आली, मग ‘दिल्ली’, ‘कोलकाता’, ‘विशाखापट्टणम’. एका जहाजावर शिकलेला कारागीर दुसऱ्यावर उस्ताद झाला. पाण्यावरच्या जहाजांची ही माळ तुटली नाही.

पाण्याखालची तुटली. १९८१ साली पश्चिम जर्मनीशी चार पाणबुड्यांचा करार झाला. दोन तिकडे बांधावयाच्या आणि दोन माझगावात. आमचे कामगार जर्मनीस जाऊन शिकून आले. पाणबुडीचे काम किती नाजूक, हे ध्यानात घ्यावे. दोनशे मीटर खोलीवर तिच्या कवचाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे वीस किलोचा भार असतो. एक सांधा कच्चा राहिला तर आतल्या सगळ्यांच्या जिवावर बेतते. असे सांधे जोडणारा हात पुस्तक वाचून तयार होत नाही. आमच्या लोकांनी तो कमावला आणि १९९२ साली ‘शल्की’ व १९९४ साली ‘शंकुल’ नौदलाच्या स्वाधीन केली.

मधल्या काळात, १९८७ साली, त्या करारात दलाली दिल्याचे आरोप झाले. आणखी दोन पाणबुड्या बांधण्याचा विचार बारगळला. लाच खाणारास शासन व्हावे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. परंतु प्रत्यक्षात शासन झाले ते गोदीला. काम नाही म्हटल्यावर शिकलेली माणसे पांगली, काही निवृत्त झाली, आणि त्यांच्या हाताखाली नवे कोणी तयार झाले नाही. २००५ साली फ्रेंच आराखड्याच्या सहा पाणबुड्यांचा करार झाला, तेव्हा बरेचसे पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागले. पहिली ‘कलवरी’ २०१२ साली मिळावयाची, ती मिळाली २०१७ च्या डिसेंबरात. ‘शंकुल’पासून मोजले तर तेवीस वर्षे गेली! आणि तीही आली ती जुन्या पाणतीरांवर. नव्या पाणतीरांची खरेदी दुसऱ्याच एका व्यवहारातील लाचेच्या आरोपामुळे रद्द झाली होती.

उलट उदाहरणही आमच्यापाशी आहे. नव्या ‘विक्रांत’साठी हवे तसे पोलाद रशियाकडून मिळेना, तेव्हा आमच्या संशोधकांनी व पोलाद कारखान्यांनी ते येथेच तयार केले. कोचीच्या गोदीत २००९ साली पायाभरणी झालेली ही नौका २०२२ साली सेवेत आली. तेरा वर्षे लागली खरी, पण ते पोलाद आता इतर युद्धनौकांनाही मिळते. तिची मुख्य यंत्रे मात्र अमेरिकन बनावटीची आहेत. ‘कोलकाता’ व ‘विशाखापट्टणम’ या वर्गांच्या विनाशिकांची टर्बाइने युक्रेनची. २०२२ साली रशियाने युक्रेनवर चढाई केली आणि ती बनविणारे मिकोलाइव्ह शहरच तोफांच्या टप्प्यात आले. दोन परक्यांच्या भांडणात आमच्या जहाजांचे काळीज अडकावे, याहून अडचणीची गोष्ट कोणती?

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, नावाला आरमार उरलेल्या युक्रेनने किनाऱ्यावरून क्षेपणास्त्रे सोडून रशियाची ‘मॉस्क्वा’ बुडविली. २०२३ पासून तांबड्या समुद्रात येमेनच्या हूथींनी स्वस्तातल्या ड्रोनांनी व्यापारी जहाजांची वाट अडविली. अशा वेळी मोठ्या नौका हव्यातच कशाला, असे कोणी विचारतात. आम्हांस तो प्रश्न उतावीळपणाचा वाटतो. २०२४ च्या मार्चमध्ये सोमाली चाच्यांच्या ताब्यातील ‘रुएन’ हे जहाज आमच्या नौदलाने चाळीस तासांच्या मोहिमेत सोडविले, ते दूर समुद्रात दिवसचे दिवस तळ ठोकू शकणाऱ्या युद्धनौका होत्या म्हणून. पाणबुडीचे काम तर ड्रोनला जमणारे नाही.

सहा पाणबुड्यांपैकी शेवटची ‘वाघशीर’ १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत नौदलात दाखल झाली. त्या दिवशी पुढच्या पाणबुड्यांचा करार झालेला नव्हता.