धर्मादायाचा हिशेब

केवळ धर्मकार्यास वा लोकोपयोगी दानास वाहिलेल्या मिळकतीचें उत्पन्न १८८६ च्या प्राप्तिकर कायद्यानें करमुक्त ठरविलें. सरकारनें आपला वाटा सोडला खरा. पण उरलेला पैसा कोठें गेला, हें सामान्य माणसानें कसें पाहावें? १९२० च्या कायद्यानें वाट दाखविली, तीहि न्यायालयाच्या पायरीवरून! हितसंबंधी माणसानें अर्ज करावा, तेव्हां विश्वस्तास हिशेब देण्याचा हुकूम व्हावा. इतकी यातायात कोण करणार? अखेर १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त कायद्यानें सर्वच धर्मांच्या विश्वस्तांवर हा भार टाकला. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, आणि दरसाल, सामान्यतः ३१ मार्चला, जमाखर्चाचा मेळ व त्याची तपासणी. तपासनिसानें नुसत्या बेरजा पाहावयाच्या नव्हत्या. बेकायदा खर्च, वसूल न केलेलें येणें, पैशाची नासाडी, सारें कलम ३४ अन्वयें अहवालांत नमूद करावयाचें होतें.