बाबासाहेबांचा भायखळा-परळ मतदारसंघ



आपल्या विहारात येणारी बरीच घरे गिरणगावातून उठून वसई-विरारला आलेली. आम्हीही त्यातलेच. मुले विचारतात, परळला होते तरी काय? चाळ आणि भोंगा सांगून भागत नाही. तिथे बाबासाहेबांना निवडून देणारा मतदारसंघ होता, हेही सांगावे लागते. 'भायखळा व परळ' या जोडनावाचा तो मतदारसंघ आज कुठल्याच यादीत नाही.

1935 च्या कायद्याने मुंबई प्रांताला 175 जागांची विधानसभा मिळाली. पुणे करारामुळे त्यातल्या 15 जागा अस्पृश्यांसाठी राखीव झाल्या. पण मतदारसंघ संयुक्त. म्हणजे जागा आपली, तरी मते साऱ्यांची मिळवायची. शिवाय मत सरसकट सर्वांना नव्हते. कर, भाडे, शिक्षण अशा अटींत बसेल त्यालाच मत. आमचे आजोबा तेव्हा बदली कामगार, नातेवाइकाच्या खोलीत पथारी टाकणारे. भाड्याची पावती नावावर नाही, मग मत कुठले? बाबासाहेबांना मत देता आले नाही, ही सल ते शेवटपर्यंत बोलून दाखवायचे.

बाबासाहेब परळच्या बी.आय.टी. चाळीत वर्षानुवर्षे राहिलेले. कामगारांची खोली त्यांनी आतून पाहिली होती. ऑगस्ट 1936 मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर, कारण हाक सगळ्या कष्टकऱ्यांना होती. फेब्रुवारी 1937 च्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांच्यासमोर पी. बाळू यांना उभे केले. बाळू चर्मकार समाजातले नामवंत क्रिकेटपटू, 1911 साली इंग्लंड गाजवून आलेले. लोकांना त्यांचाही अभिमान होता. म्हणजे लढत सोपी नव्हती. बाबासाहेबांना 13,245 मते पडली, बाळूंना 11,225. फरक अवघा 2,020 मतांचा!

त्या दोन हजार मतांनी काय झाले ते पाहा. 17 सप्टेंबर 1937 रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. गिरणीत राबणाऱ्या कितीतरी कोकणी माणसांचे आईबाप गावी खोताच्या जाचाखाली होते. जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोठा मोर्चा विधानसभेवर आला. ते विधेयक तेव्हा पास झाले नाही, खोती कायद्याने गेली ती 1949 साली. पण प्रश्न सभागृहात पोचला तो इथून.

पुढे 1938 साली काँग्रेस सरकारने औद्योगिक तंट्यांचे बिल आणले. काही प्रकारचे संप त्याने बेकायदा ठरणार होते. संप केला म्हणून कामगाराला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे, असे बाबासाहेबांनी सभागृहात ठणकावले. 7 नोव्हेंबर 1938 ला मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र आले आणि गिरण्या बंद पडल्या. बिल पास झालेच, पण मजूर गप्प बसला नाही, हे नोंदले गेले.

राज्यघटना आली, प्रत्येक सज्ञान माणसाला मत मिळाले आणि जुने प्रांतिक मतदारसंघ संपले. तरी 1952 च्या पहिल्या लोकसभा निवडणुकीत उत्तर मुंबईतून खुद्द बाबासाहेब काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. मताचा हक्क मिळाला म्हणजे काम झाले असे नाही, हे तेव्हा कळले.

आज आम्ही घरोघरी फिरतो तेव्हा काय दिसते? कुणाचे नाव अजून लालबागच्या यादीत, कुणाचे कुठेच नाही. भाड्याची खोली बदलली की यादीतून माणूस गळतो. आजोबांना कायद्याने मत नाकारले होते. आपण ते आळसाने घालवायचे का? 2,020 हा आकडा मोठा नाही हो, आपल्या चार-पाच वस्त्यांत तेवढे मतदार सहज निघतील. या वर्धापनदिनी घरातल्या प्रत्येकाचे नाव यादीत आहे का, एवढे तरी बघा.

जय भीम!