गोठू नये म्हणून

देहूला इंद्रायणीकाठी पौषातल्या पहाटे कितीही हुडहुडी भरली तरी नळातले पाणी गोठत नाही. म्हणून आग विझवण्याच्या नळात बर्फ होण्याची भीती आपल्याला परकी वाटते. बटाट्याच्या शीतगृहातही तापमान शून्याच्या थोडे वरच असते. गोठवलेले मटार किंवा मासे ठेवण्याच्या गोदामात मात्र ते उणे 18 अंश सेल्सिअस किंवा त्याहूनही कमी असते. इतक्या थंडीत आग लागेलच कशी? भिंतींतला फोम, पुठ्ठ्याची खोकी आणि विजेची एक ठिणगी, एवढे तिला पुरते.

छताला लावलेला स्वयंचलित स्प्रिंकलर मूळचा पियानोच्या कारखान्यातला. अमेरिकेत हेन्री पार्मली यांनी 1874 मध्ये त्याचे पेटंट घेतले. उष्णतेने डाख वितळतो, तोंड उघडते आणि पाणी सुटते. फ्रेडरिक ग्रिनेल यांनी तो सुधारला आणि 1883 मध्ये मँचेस्टरच्या विल्यम मॅथर यांनी अमेरिकेबाहेरचे हक्क मिळवले. त्यांच्या मॅथर अँड प्लॅट कंपनीचे नाव आपल्याला नवे नाही. तिचा पंपांचा कारखाना पुढे देहूजवळच चिंचवडला उभा राहिला.

गोठताना पाणी सुमारे 9 टक्के प्रसरण पावते आणि नळ फुटतो. थंड भागातल्या लहान जागांसाठी यावर सोपा तोडगा निघाला: पाण्यात ग्लिसरीन मिसळायचे. पण किती? आकारमानाने निम्मे ग्लिसरीन असलेले मिश्रण सुमारे उणे 29 अंशांना गोठते, 60 टक्क्यांचे उणे 44 अंशांना. आणि 70 टक्क्यांचे? पुन्हा उणे 30 अंशांना! शुद्ध ग्लिसरीनचा गोठणबिंदू तर 18 अंशांच्या आसपास आहे. म्हणजे 50 वरून 70 टक्क्यांवर जाऊन थंडीपासून जास्तीचे संरक्षण जवळजवळ काहीच मिळत नाही. मिळते ते जळण, कारण ग्लिसरीन ज्वलनशील आहे.

ऑगस्ट 2009 मध्ये कॅलिफोर्नियातील ट्रकी येथे एका घरात शेगडीवर आग लागली. वरचा स्प्रिंकलर उघडला, बारीक थेंबांचा फवारा ज्वाळांवर आला आणि भडका उडाला. एक जीव गेला. नळातल्या मिश्रणात ग्लिसरीन 70 टक्क्यांहून अधिक निघाले. त्यानंतर चाचण्या झाल्या, आणि अमेरिकी नियमांनी ग्लिसरीनची मर्यादा 48 टक्क्यांवर आणली. तेही कारखान्यातच मिसळून आलेले हवे, जागेवर अंदाजाने ओतलेले नको. माझ्या मते यातला दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. ‘थोडे जास्त घालू, बिघडते कुठे?’ ही सवय प्रयोगशाळेत आम्हांलाही मोडावी लागते.

मोठ्या गोदामांत सहसा कोरडे नळच वापरतात. नळात दाबाखालची हवा असते आणि पाणी उबदार खोलीतल्या झडपेमागे थांबते. अशी झडपही ग्रिनेल यांनी बनवली होती. तिची किंमत वेळेत मोजावी लागते: आधी हवा बाहेर पडणार, मग पाणी येणार. शिवाय हवा नीट वाळवलेली नसेल तर तिच्यातल्या बाष्पाचा बर्फ होऊन नळात हळूहळू बूच बसते, आणि बाहेरून ते दिसत नाही.