कापूस इथलाही, गाडी तिथली

धुळ्याच्या बाजारपेठेतल्या मुख्य रस्त्याला आम्ही आजही आग्रा रोडच म्हणतो. माझे बालपण या रस्त्यालगतच्या गॅरेजांत गेले, त्यामुळे इथल्या पोरांना वेगाचे वेड नाही, असे कुणी म्हटले तर मला हसू येते. प्रश्न वेडाचा नव्हताच.

जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली. कोइमतूरची पहिली मोठी गिरणी निघाली १८८८ साली. कापूस दोन्हीकडे, आणि आरंभ आपला आधीचा. पण तिथे गिरण्यांभोवती ओतशाळा, लेथ आणि पंपांचे कारखाने वाढले. १९३७ मध्ये देशी विजेची मोटर तिथेच तयार झाली. आपल्याकडे कापसाच्या गाठी बाहेर गेल्या आणि यंत्रे बाहेरून आली. माझ्या मते मेख इथे आहे.

त्याच कोइमतूरच्या गिरणीमालक घराण्यातल्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन घेऊन एकआसनी ‘फॉर्म्युला मारुती’ बांधली. परदेशी गाडी मागवण्याची ऐपत नसलेल्याला शर्यतीत उतरता यावे, एवढाच हिशेब. १९९५ मध्ये विमान अपघातात ते गेले. पण त्यांच्याच गावचा नारायण कार्तिकेयन याच गाड्यांवर शिकला आणि २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोचला.

याउलट ३० ऑक्टोबर २०११ ला ग्रेटर नोएडात झालेली शर्यत. ट्रॅक भव्य; पण हा खेळ की करमणूक, यावर कराचा वाद, आणि २०१३ नंतर सारे बंद. आपल्या पोरांच्या वाट्याला फार तर तिकीट आले. (तेही महाग!)

मला आशा वाटते ती आमच्याच रस्त्यावर पुढे, सेंधव्याचा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या पीथमपूरची. तिथे २००७ पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची ‘बाहा’ स्पर्धा सुरू झाली. इंजिन सर्वांना एकसारखे. सांगाडा, स्टिअरिंग, ब्रेक मात्र पोरांनी स्वतः बसवायचे आणि ती गाडी सलग चार तास खडकाळ वाटेवर टिकवायची. श्रीमंत बापाची गाडी इथे उपयोगाची नाही. वेल्डिंग पक्के हवे.

मागच्या उन्हाळ्यात जळगावच्या एमआयडीसीत अशाच एका गाडीचे पाइप वाकवताना पाहिले. वाकवणारा कारागीर एरवी शेतीची अवजारे बनवतो. शेजारी अर्धवट पेरणीयंत्र पडले होते. मजुरी विचारली तर म्हणाला, “आधी पळू द्या, मग बघू.”