आघातसजग बालशिक्षण (मावळ तालुका)

आघातसजग बालशिक्षण : जवळच्या माणसाचा मृत्यू, मारहाण, लैंगिक अत्याचार, उपासमार, विस्थापन, नैसर्गिक आपत्ती अशा धक्क्यांचे पडसाद लहान मुलाच्या वागण्यात ओळखून त्याला सुरक्षित वाटेल असा दिनक्रम व नाते घडविणारी शिक्षणपद्धती. मूल मोठ्या माणसाच्या आधाराने सावरते. म्हणून शिक्षिकेचे मनःस्वास्थ्य हा या पद्धतीचा पाया मानला जातो. पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्यात हा विषय प्रामुख्याने अंगणवाडीशी निगडित आहे.

पूर्वपीठिका : व्हिन्सेंट फेलिटी व रॉबर्ट अँडा यांच्या १९९८ मधील अमेरिकी अभ्यासाने बालपणीचे प्रतिकूल अनुभव व प्रौढपणीचे आजार यांचा संबंध दाखविला. महाराष्ट्रात आघातसजगतेची परिभाषा रुळण्यापूर्वीच ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे, मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, हे तत्त्व राबविले. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि तिच्याद्वारे अंगणवाडी हळूहळू देशभर पोहोचली.

स्थानिक संदर्भ : आंदर मावळ, नाणे मावळ व पवन मावळ या खोऱ्यांतील वाड्यावस्त्या, तळेगाव परिसरातील स्थलांतरित कामगारांच्या चाळी आणि लोणावळा-खंडाळ्यात बंगले-हॉटेलांवर राबणारी कुटुंबे, अशी येथील मुलांची पार्श्वभूमी वेगवेगळी असते. कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात व पावसाळ्याच्या तोंडावर परततात. त्यामुळे मुलाची अंगणवाडी मध्येच तुटते. घाटमाथ्यावर अतिवृष्टी व दरडींची भीती नित्याची आहे. आंबेगाव तालुक्यातील माळीण (३० जुलै २०१४) आणि घाटाखाली खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी (१९ जुलै २०२३) या दुर्घटनांमुळे दरडग्रस्त मुलांच्या मानसिक आधाराची गरज ठळक झाली. भाजे येथील ‘संपर्क’ संस्थेचे बालग्राम निराधार मुलांचा सांभाळ करते.

व्यवहार : आघाताच्या खुणा बहुधा खोडीसारख्या किंवा हट्टासारख्या दिसतात. भट्टीवरून परतलेले मूल पोट भरल्यावरही खिचडीचा घास फ्रॉकच्या खिशात ठेवते, आई नजरेआड होताच दाराला बिलगते, भांडे पडल्याच्या आवाजाने दचकते किंवा त्याला कपड्यांत शी-शू करण्याची सुटलेली सवय पुन्हा लागते. अशा वेळी ‘हावरट’, ‘रडूबाई’ असे न हिणवता उरलेला घास झाकून ‘हा तुझाच, नंतर खा’ असे सांगितले जाते. प्रार्थना, गाणे, खाऊ, खेळ यांचा क्रम रोज तोच ठेवणे, पुढे काय होणार हे आधी सांगणे, रडणाऱ्या मुलाला बळेच गोलात न बसविणे, घरच्या बोलीत बोलू देणे आणि चित्र, माती, बाहुलीखेळ यांतून मन मोकळे होऊ देणे ही मुख्य साधने होत. घडलेला प्रसंग खोदून विचारणे टाळले जाते. अंगणवाडी सेविकेने (शिक्षिकेने) निदान करू नये. त्रास टिकल्यास आरोग्य केंद्रामार्फत तज्ज्ञाकडे पाठवावे. लैंगिक अत्याचाराचा संशय आल्यास २०१२ च्या ‘पॉक्सो’ कायद्यानुसार पोलिसांना कळविणे बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ ही मदतवाहिनी आहे.

शिक्षिकांचे स्वास्थ्य : सेविकेकडे पूर्वप्राथमिक शिक्षणाबरोबर पोषण आहार, वजन-उंचीच्या नोंदी, लसीकरणासाठी पाठपुरावा व गृहभेटी ही कामे असतात; २०२१ पासून त्यांत ‘पोषण ट्रॅकर’ ॲपवरील नोंदींची भर पडली. कोविडकाळात घरपोच आहार व सर्वेक्षणेही तिने केली. ती मानधनावर काम करते. २०१८ मध्ये केंद्राने सेविकेचे मूळ मानधन ३,००० वरून ४,५०० रुपये केले, त्यात राज्य आपली भर घालते. मानधनवाढ, ग्रॅच्युइटी आदी मागण्यांसाठी महाराष्ट्रातील सेविका-मदतनिसांनी डिसेंबर २०२३ पासून दीर्घ संप केला. त्यापूर्वी २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला होता.

सेविका त्याच गावची असल्याने मुलावरचे संकट अनेकदा तिच्याही नात्यागोत्यातले असते. इतरांचे दुःख सतत ऐकून येणारा शीण झोपमोड, चिडचीड किंवा अलिप्तपणातून प्रकट होतो. पर्यवेक्षिकेच्या हाताखालील अंगणवाड्यांच्या (बीट) बैठकीत अहवालांपलीकडे अवघड प्रसंगांवर बोलायला वेळ, पर्यवेक्षिकेची दोषारोपाविना विचारपूस, मदतनिसाशी कामाची वाटणी व हक्काची सुटी हे उपाय उपयुक्त ठरतात. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ क्रमांकावर मोफत समुपदेशन मिळते. मात्र समुपदेशन हा नोंदींचा बोजा व अपुरे मानधन यांवरचा उपाय नव्हे. ते प्रश्न कायम ठेवून दिलेल्या आघातसजग शिक्षणाच्या प्रशिक्षणाने सेविकेच्या जबाबदाऱ्यांत आणखी एकीची भर पडते.