अ‍ॅडमिक्श्चर (मिश्र सिमेंटच्या काँक्रीटमधील)

काँक्रीट कालवताना सिमेंट, पाणी, वाळू आणि खडी यांखेरीज थोड्या प्रमाणात घातले जाणारे रसायन. भारतात त्याची कसोटी आयएस ९१०३ या मानकाने ठरते. मिश्र सिमेंटमध्ये क्लिंकरची (भट्टीत भाजून निघणाऱ्या, दळल्यावर सिमेंट होणाऱ्या गोळ्यांची) काही जागा औष्णिक वीजकेंद्राची राख (१५ ते ३५ टक्के) किंवा झोतभट्टीचा स्लॅग (२५ ते ७० टक्के) घेतो. अशा सिमेंटात अ‍ॅडमिक्श्चरचा गुण त्याच्या एकट्याचा राहत नाही. समोर कोणती पावडर आहे त्यावर तो ठरतो.

सुपरप्लास्टिसायझर या प्रकारच्या अ‍ॅडमिक्श्चरचे रेणू सिमेंटच्या कणांना चिकटतात, कणांचे गठ्ठे फोडतात आणि त्यांत अडकलेले पाणी मोकळे करतात. क्लिंकरमधला ट्रायकॅल्शियम अ‍ॅल्युमिनेट हा घटक या रेणूंचा सर्वांत मोठे गिऱ्हाईक. क्लिंकर घटले की हे गिऱ्हाईकही घटते. शिवाय राखेचे गोल कण मिश्रण आपणहून सैल करतात. साध्या सिमेंटला बेताची असलेली मात्रा त्यामुळे येथे जास्त होऊ शकते: पाणी वर येते, खडी खाली बसते, काँक्रीट उशिरा आवळते. राखेची अभिक्रिया क्लिंकरपासून सुटणाऱ्या चुन्यावर अवलंबून असल्याने सुरुवातीची ताकद आधीच मंद येते. त्यात रिटार्डर (आवळणे लांबवणारे रसायन) पडला तर शटरिंग काढण्याचा दिवस आणखी लांबतो. मात्र त्याच सुपरप्लास्टिसायझरच्या आधाराने पाणी कमी केले, तर ही गेलेली ताकद बरीचशी परत मिळते. गोठण्यापासून बचावासाठी काँक्रीटमध्ये हवेचे बारीक बुडबुडे धरणाऱ्या रसायनाचे गणित नेमके उलटे. राखेतला न जळलेला कार्बन ते शोषून घेतो आणि मात्रा वाढवावी लागते. (महाराष्ट्रात याची झळ फारशी नाही, लडाखसारख्या गोठणाऱ्या प्रदेशात आहे.)

म्हणून मात्रा दर वेळी चाचणीनेच ठरवावी लागते. यावर आक्षेप असा, की उत्पादकाने मात्रा छापून दिलेली असते आणि आयएस ४५६ मध्येही सुपरप्लास्टिसायझरला २ टक्क्यांची मर्यादा आहे. मग दर वेळी चाचणीचा खर्च कशाला? पण मर्यादा म्हणजे शिफारस नव्हे, आणि छापील मात्रा सुरुवातीचा अंदाज देते, एवढेच. एकाच वीजकेंद्राची राखही कोळशाबरोबर बदलते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पॉलिकार्बोक्झिलेट जातीची नवी रसायने इतकी प्रभावी आहेत की सिमेंटचा फरक त्यांच्यापुढे किरकोळ ठरतो. सिमेंटपुरते हे काही अंशी खरे आहे. परंतु याच रेणूंना माँटमोरिलोनाइट ही माती आपल्या थरांत ओढून घेते, आणि दख्खनचा बेसाल्ट कुजला की त्यातून हीच माती तयार होते. या दगडाची क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) नीट धुतलेली नसेल तर महागडे रसायन मातीतच मुरते. मार्श कोनची चाचणी योग्य मात्रा दाखवते, पण ती सिमेंटच्या लगद्यावर होते, वाळूवर नव्हे. म्हणून साइटवरची प्रत्यक्ष वाळू घालून, कालवल्याबरोबर एकदा आणि तासाभराने पुन्हा, स्लम्प (ओले काँक्रीट किती खाली बसते ते) मोजावा लागतो.